शेजारीण

मथुराने पिशवीतून हुकाचा वजनकाटा काढला, त्याची कडी मुठीत घट्ट धरली आणि भिंतीवरच्या काळ्या बास गिटारकडे हनुवटीने खूण केली.

"ती काढ नि अडकव याला."

काउंटरमागचा हर्षद बघतच राहिला. अंधेरीच्या त्या गार दुकानात आजवर लोकांनी गिटारी वाजवून पाहिल्या होत्या, आरशासमोर गळ्यात घालून फोटो काढले होते, पण तोलून कुणी पाहिली नव्हती.

"काकू, हे लाइटवेट मॉडेल आहे," तो म्हणाला. "कंपनीनेच लिहिलंय."

"लिवलंय, पन किती किलो ता कुठं लिवलंय?"

हर्षद गिटारचं लेबल उलटून बघू लागला. मथुराची लेक नमिता दोन पावलं मागे सरली आणि एका मोठ्या स्पीकरच्या आडोशाला उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मनोरीच्या बंदरावर होड्या लागल्या की आई याच काट्याला टोपल्या अडकवून घासाघीस करायची, ते लहानपणापासून पाहण्यातलं होतं. पण तो काटा आज पिशवीतून इथवर येईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खरं तर तिला एकटीलाच यायचं होतं. तिने तीनदा सांगून पाहिलं. पण पैसे आईच्या भिशीचे होते, आणि अठरा हजारांची वस्तू न बघता घ्यायची रीत त्यांच्या घरात नव्हती. बरं, आईने कसर कशातच ठेवली नव्हती. दोनदा अंघोळ केली होती, लग्नाकार्याची जांभळी साडी नेसली होती, केसांत अबोलीची वेणी माळली होती आणि वर कुणाचं तरी अत्तर लावलं होतं. मासळीचा वास आला असता तर नमिताला एक वेळ चाललं असतं. या थाटाचं काय करायचं, ते तिला कळत नव्हतं.

आजवर ती चुलत भावाचा, पिंटूदादाचा बास वाजवत आली होती. पिंटूदादाचा बँड मनोरी-गोराईच्या हळदी गाजवायचा. तो बास चार तारांचा आणि पाट्यासारखा जड. तासभर उभं राहून वाजवलं की डाव्या खांद्यातून कळ निघायची, आणि डॉक्टरांनी तर साफ सांगितलं होतं, वाजवायचंच असेल तर हलकं काहीतरी बघा. आणि पाच तारांचा हवा तो हर्षदमुळे. त्याने तिला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं होतं. त्याच्या बँडचा बासवाला कॅनडाला निघून गेला होता. "आमची गाणी चार तारांच्या खाली उतरतात," तो म्हणाला होता. "पाच तारांचा घे, मग बघू." ते 'मग बघू' नमिता दीड महिना उशाशी घेऊन झोपत होती. हर्षद आणि त्याची मित्रमंडळी सहज इंग्रजी बोलायची, कॉफी प्यायची, एकमेकांच्या घरी राहायची. त्यांच्यात आपण शोभलो पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

हर्षदने काळी गिटार काढली, तिला पट्टा लावला आणि मथुराच्या हातात दिली. मग स्पीकरजवळ येऊन त्याने हसत, हळू आवाजात विचारलं,

"तुझी आई?"

त्या हसण्यात काही वाकडं नव्हतं. पण नमिताला ते वाकडं दिसलं.

"नाही रे," ती म्हणाली. "शेजारच्या आहेत. इकडे काम होतं त्यांचं, म्हणून सोबत आल्या."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. तोंडातून शब्द असा सुटला होता, जणू कित्येक दिवस तिथेच दबा धरून बसला होता. तिने आईकडे पाहिलं. मथुरा पाठमोरी होती. पट्टा हुकात अडकवताना तिचा हात मध्येच थांबला होता. दुकान काही एवढं मोठं नव्हतं.

मग हुक अडकला. मथुराने काटा वर उचलला आणि बाजारातल्या आवाजात आकडा वाचला.

"चार किलो सहाशे. ही नको." ती वळली. चेहरा नेहमीसारखाच होता. "मी शेजारीन झाले म्हनून काय झालं? पोरीचा खांदा मना पन दिसतोय."

नमिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने शिव्या घातल्या असत्या, सगळ्यांदेखत एक ठेवून दिली असती, तरी ते सोसलं असतं. आईने तर तिचं खोटं नीट उचलून आपल्या कडेवर घेतलं होतं. आता ते खाली उतरवायचं कसं?

हर्षदने एक पांढरी गिटार आणली. काट्यावर ती जेमतेम सव्वातीन किलो भरली. देखणी होती आणि बजेटमध्येही बसत होती.

"हीच घेऊ," नमिता घाईने म्हणाली. एकदा बिल झालं की इथून सुटका, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"थांब. गल्यात घाल," मथुरा म्हणाली. "घातलीस? आता हात सोड. दोनी सोड."

नमिताने हात सोडले. गिटारचा लांब दांडा हळूहळू कलंडत जमिनीकडे गेला.

"बघ. अंग हलकं नि मान जड. आता हा डावा हात वाजवनार का मान उचलून धरनार?"

"काकू!" हर्षद काउंटरच्या बाहेरच आला. "हे तर घेणाऱ्यांना महिन्याने कळतं. मग परत घेऊन येतात. तुम्हाला कसं कळलं?"

"डोईवर पाटी घेते ना मी. दहा किलोची सरल बसली तर घरापरेंत काय होत नाय. पाच किलोची एका अंगाला कलू दे, मानेची वाट लागते."

हर्षद मनापासून हसला. मथुरासाठी त्याने स्टूल पुढे केलं, पाणी आणून दिलं आणि मग जणू घरचंच काम असल्यासारखा आतल्या खोलीत शिरला. बाहेर आला तो एक तपकिरी बास घेऊन. कुणीतरी वर्षभर वापरून परत दिलेला होता आणि खालच्या कडेला पोपडा निघाला होता. मथुराने तोलला. पावणेचार किलो. नमिताने गळ्यात घालून हात सोडले. दांडा होता तिथेच राहिला.

"वाजव," हर्षद म्हणाला आणि त्याने वायर जोडली.

नमिताने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत चुकली. पुन्हा केली, पुन्हा चुकली. बोटांना घाम सुटला होता. तिला वाटलं, आता हर्षद घड्याळाकडे बघेल आणि ते 'मग बघू' तिथेच संपेल. पण तो भला मुलगा होता. तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून तो मथुराशी बोलायला लागला.

"काकू, हिच्या आईला आवडतं का हिचं वाजवणं?"

मथुराने ग्लास खाली ठेवला. 

"हिची आय अडानी," ती म्हणाली. "तिला काय कलतंय त्यातलं. पन ऐकते."

"समोर बसून?"

"समोर कशी बसनार? ती आत आली का ही वाजवायची बंद होते. मग ती दाराच्या भाईर, पायरीवर बसते. मासली साफ करायची तर तिथंच, लसून सोलायचा तर तिथंच. शेजारपाजारचे बोलतात, मथु... बाय, तुला घर नाय का? पन तिला तिथून चांगलं ऐकू येतं. ही वाजवते ना, ता भिंतीतून येतं. पाठ टेकली का पाठीला लागतं."

"हिला माहितीय हे?"

"आय कशाला सांगेल? सांगलं तर ही दुसरीकडं जाऊन बसेल."

नमिताने मान वर केली नाही. पायरीवरची आई तिने शेकडो वेळा पाहिली होती. तिला वाटायचं, आईला आवाज सहन होत नाही म्हणून ती बाहेर जाऊन बसते. तसं तिने एकदा मैत्रिणीला सांगितलंही होतं, वैतागून. आता हे सगळं तिला शेजारणीच्या तोंडून कळत होतं, आणि शेजारणीला उलट काही विचारायचं नसतं.

तिने पाचव्या तारेवर अंगठा ठेवला आणि तार सोडली. सूर खोल गेला, काउंटरची काच थरथरली. मग ती वाजवत गेली. चुकली की नाही, याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. हर्षदची बोटं काचेवर ठेका धरू लागली. मथुराने आपला तळवा काउंटरवर पालथा ठेवला होता आणि ती भिंतीवरच्या गिटारींकडे बघत होती, लेकीकडे नाही.

वाजवणं थांबल्यावर हर्षदने वायर काढली. मग म्हणाला, "डन. हाच."

किमतीवरून मथुराने त्याला चांगलाच पिदवला. "हिच्या आयनं सांगलंय, अठराच्या वर एक पैसा नाय," असं ती प्रत्येक वाक्याला म्हणत होती. शेवटी अठरा हजारांत बास आणि वर कापडी कव्हर ठरलं. मथुरा पैसे देऊन बाजूला झाली आणि कव्हरची चेन नीट लागते का ते दोनतीनदा लावून बघू लागली.

"बिल मोबाइलवर येतं," हर्षद कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाला. "तुझा नंबर?"

"माझ्या फोनचा रिचार्ज संपलाय," नमिता म्हणाली. ते खरं होतं.

"मग आईचा दे. वॉरंटीचं पण त्यावरच येईल."

नमिताने नंबर सांगितला. नंबर पाठ होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून दहाही आकडे सांगून मोकळी झाली. हर्षदने बटण दाबलं.

स्टुलावरच्या पिशवीत, हुकाच्या काट्याशेजारी, फोन टिणटिणला.

मथुराचं तिकडे लक्ष गेलं नाही. तिचा फोन दिवसभर कशानेही वाजायचा. ती चेनशी झटत होती. पण हर्षदने पिशवीकडे पाहिलं, मग मथुराकडे आणि शेवटी नमिताकडे. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने नजर खाली घातली आणि उगाचच कागद सारखे करत बसला. लाज त्याला वाटत होती, तिच्या वाटची.

आत्ता बोलावं, असं नमिताला वाटलं. दोनच शब्द होते. ते जिभेपर्यंत आले आणि तिथेच घोटाळले. आई पाठ करून उभी होती, वेणीतली अबोली एका बाजूने सुटत चालली होती. नमिताने वायर गुंडाळली, बास कव्हरमध्ये घातला आणि खांद्याला लावला. खांदा दुखला नाही.

हर्षद त्यांना सोडायला दारापर्यंत आला.

"रविवारी चार वाजता ये प्रॅक्टिसला," तो नमिताला म्हणाला. दीड महिना ती हेच ऐकायला टपली होती. मग तो मथुराकडे वळला आणि जरा अडखळला. "काकू, तुम्ही पण या. खरंच या. आत बसून ऐका."

"मी कशाला रे बाबा?" मथुरा हसली. "हिच्या आयला सांगते. येनार असली तर येईल ती."

काचेचं दार बंद झालं. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि रिक्षा मिळवायला रस्ता ओलांडावा लागणार होता. एरवी रस्ता ओलांडताना मथुरा लेकीचं मनगट पकडायची. एकोणीस वर्षांची झाली तरी पकडायची, आणि नमिता ते झिडकारायची. आज तिने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि ती हातभर अंतर ठेवून चालू लागली, शेजारणीने चालावं तशी.

नमिता तिच्या मागोमाग गेली. 

"आये," ती हळूच म्हणाली.

मथुराने चालता चालता मान वळवून दुकानाच्या काचेकडे पाहिलं.

"जरा दम धर गो," ती म्हणाली. "अजून दिसतोय तो."