रिकाम्या गाडीतली माणसं

"रिकामी?" तिकीट तपासनिसाला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी घोळ झाला.

रेल्वेची अधिकारी बाई वयाने लहान, बोलायला गोड. स्टेशनच्या प्रतीक्षालयात जमलेल्या लोकांना तिने पुन्हा समजावलं, "सकाळची पहिली गाडी जवळजवळ रिकामीच धावते. म्हणून ती बंद करायचा प्रस्ताव आहे. बाकीच्या गाड्यांचं भाडंही वाढेल."

एकच गलका झाला. रिकामी म्हणे! अहो, त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. बेकरीवाला तर उभ्याउभ्याच झोप काढतो.

"डब्यात कोण उभं आहे ते आम्हाला कार्यालयात बसून कसं दिसणार?" बाई म्हणाली. "तपासनिसाच्या यंत्रावर जेवढे पास टेकवले जातात, तेवढेच प्रवासी आम्ही धरतो."

तपासनिसाच्या पायांखालची जमीनच सरकली.

यंत्र रोज त्याच्या गळ्यात असायचं आणि रोज मुकं असायचं. सुरुवातीला तो ते पुढे करायचा, तर बेकरीवाला रुसायचा, "काय दादा, आम्ही चोर वाटलो का?" मग त्याने सोडूनच दिलं. रोजची माणसं, त्यांना काय पास मागायचा! आणि वर या भलेपणाबद्दल स्वतःचंच कौतुक वाटून घ्यायचं. यंत्र फुकट्यांना पकडायला दिलंय एवढंच तो धरून चालला. तेच माणसंही मोजतं, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

तेवढ्यात त्याच्या शेजारून त्याची धाकटी बहीण उठली. शहरातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ती कामाला. नवरा गेल्यापासून दोन पोरींचं सगळं त्या नोकरीवर, आणि वेळेत पोचवणारी गाडी ही एकच. तिचा आवाज कापत होता, पण ती हटणारी नव्हती.

"यंत्राला काय विचारता? माझा दादा रोज असतो त्या गाडीवर. सांग रे दादा, सांग यांना!"

सगळ्या माना वळल्या.

"गाडी खचाखच भरलेली असते," तो कसाबसा म्हणाला. "पण मी... मी पास टेकवून घेत नव्हतो. कुणाचेच."

बेकरीवाल्याने डोक्याला हात लावला.

"माझा तरी?" बहिणीने विचारलं.

"तुझा कसा मागू गं? घरचं माणूस."

ती मटकन खाली बसली. "आधी कळायला हवं होतं हो," अधिकारी बाई हळूच म्हणाली. "आकडे वरच्या कार्यालयात गेले. निर्णय झाल्यातच जमा आहे." मग त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला दया आली असावी. "तुम्ही घाबरू नका. तुमची नोकरी जाणार नाही, दुसऱ्या मार्गावर घेतील तुम्हाला."

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. बहिणीने सगळं ऐकलं, पर्स उचलली, आणि त्याच्या शेजारची खुर्ची सोडून ती मागच्या रांगेत जाऊन बसली.