ओउ आजोबांच्या मनगटावरचा पट्टा

मित्रांनो, मी कापडाचा एक पट्टा आहे. धुऊन धुऊन माझा निळा रंग कधीच उडाला. ताइनान शहरातल्या एका बाईनं मला शिवलं, आतून मऊ अस्तर लावलं आणि काचतो का ते पाहायला आधी स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. मग मी इस्पितळात आलो. भान हरपलेला रुग्ण नाकातली नळी उपसू लागला, की त्याचा हात पलंगाला बांधायचा, हे माझं काम.

या कामाला नियम होते. डॉक्टरांचा लेखी हुकूम हवा, घरच्यांची सही हवी. दर दोन तासांनी मला सोडायचं, रुग्णाचा हात हलवायचा, कातडी बघायची आणि तक्त्यात लिहायचं. सिस्टर चांग सू-चेन हे नेमानं करायच्या. “हा पट्टा चांगला आहे, वळ उठत नाहीत,” असं मेट्रन म्हणायच्या. मला बरं वाटायचं.

एका उन्हाळ्यात ओउ आजोबा आले. बाजारात पन्नास वर्षं माशाचे गोळे विकलेला माणूस. अर्धांगवायूनं गिळणं बंद झालं होतं, म्हणून नाकातून अन्नाची नळी घातली होती. त्यांनी दोनदा नळी उपसली, तेव्हा त्यांची मुलगी बाओ-यू हिनं कागदावर सही केली आणि मी त्यांच्या धडधाकट हाताला बांधला गेलो.

त्या दिवशी दोन सिस्टर रजेवर होत्या. एकट्या सू-चेन यांच्याकडे सोळा रुग्ण होते. बारा वाजता त्यांनी मला बांधलं. दोन वाजता आजोबा अडखळत म्हणाले, “पोरी, सोड गं जरा. नाक खाजतंय.”

“आलेच आजोबा, पाच मिनिटं.”

एवढ्यात समोरच्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली. त्या तिकडे धावल्या. मग दुसरा पडला, मग तिसऱ्याला ताप चढला. आजोबा बराच वेळ हात ओढत होते. नंतर त्यांनी ओढणं सोडलं. मित्रांनो, मला स्वतःहून सुटता येत नाही.

सव्वापाचला सू-चेन आल्या, तेव्हा आजोबा गेले होते.

मेट्रननी तक्ता पाहिला. दोन आणि चारचे रकाने कोरे होते. त्या हळूच म्हणाल्या, “दोन्हीकडे सही कर. हृदय बंद पडलंय त्यांचं, पट्ट्यानं नाही गेले. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा नको पाडून घेऊस.”

सू-चेन यांनी पेन उचललं. दोन्ही रकान्यांत लिहिलं, ‘पट्टा सोडला नाही. हात तपासला नाही.’ आणि खाली सही केली.

बाओ-यू आली. वडिलांच्या मनगटावरचा लाल वळ तिला दिसला.

“जाताना हात बांधलेला होता त्यांचा?”

“हो ताई. सोडायला सांगितलं होतं त्यांनी मला. मी आलेच नाही.”

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. “बांधलंत तुम्ही,” ती म्हणाली, “पण सही तर माझीच होती ना.” तिनं सू-चेन यांना कधीच माफ केलं नाही. स्वतःलाही केलं असेल असं वाटत नाही.

चौकशी झाली. एवढ्या रुग्णांना एकच सिस्टर का, हे कुणी फारसं विचारलं नाही. सू-चेन यांचा परवाना सहा महिने काढून घेतला. त्या पुन्हा त्या वॉर्डात आल्या नाहीत. मी पुरावा म्हणून पाकिटात पडून राहिलो.

आता मी परिचारिकांच्या शाळेत असतो. मुली एकमेकींना मला बांधून बघतात. आधी हसतात. दहा मिनिटांनी कुणी हसत नाही.

मित्रांनो, कधी मला बांधणं भाग पडलं, तर बांधा. पण आधी ज्याचा हात आहे त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. त्याला कळणार नाही असं वाटलं तरी विचारा. ओउ आजोबांच्या कागदावर डॉक्टरांची सही होती, मुलीची होती. आजोबांना मात्र कुणीच विचारलं नव्हतं.