सहाव्या आवृत्तीतली ओळ

चाळीस माणसांनी एकमेकांचे हात धरून फेर केला. पहिल्यानं वीज साठवलेली काचेची बाटली धरली, शेवटच्यानं तिच्यावरच्या पितळी गोळीला बोट लावलं आणि फेर एकदम उडाला. बायका किंचाळल्या, गिरणीतले गडी खिदळले. लँकशायरच्या या गावात व्याख्यान कुणाला हवं असो नसो, झटका सगळ्यांना हवा असायचा.

"विजेनं खाल्लं का कुणाला?" व्याख्याते हेलिवेलसाहेबांनी विचारलं. नेहमीसारखा हशा पिकला.

गर्दी पांगल्यावर काळ्या शालीतली एक बाई त्यांचंच पुस्तक घेऊन पुढे आली. सहावी आवृत्ती.

"मी हॅना ऑग्डेन. गिरणीत विजेचे दिवे आलेत ना, तिथं माझा नवरा जेबेझ गेला सोमवारी. सोबत्यांना म्हणाला, हात धरा, फेर करू. अन् यंत्राची तार धरली. बाकीचे भाजले, तो जागीच गेला."

हेलिवेलांनी हातातली बाटली खाली ठेवली.

"उद्या त्याच्या मरणाची चौकशी आहे. मालक म्हणतो, प्यायलेला असणार. थेंबाला शिवत नव्हता हो तो. पुस्तकात वाचूनच केलं त्यानं. मला वाचता येत नाही. तुम्हीच बघा, लिहिलंय का तसं."

पान त्यांना शोधावं लागलं नाही. 'धीटपणे हात पुढे करा, वीज गुदगुल्यांपलीकडे काही करणार नाही.' हे लिहिलं तेव्हा घरोघरी फक्त बाटल्या होत्या. पुढे वीज बनवणारी यंत्रं आली, आवृत्त्या निघत गेल्या. पण वाक्य लोकांना आवडायचं, म्हणून साहेबांनी ते तसंच ठेवलं होतं.

त्यांनी घसा साफ करून वाचलं, "धीटपणे हात पुढे करा... पण यंत्राच्या तारेला चुकूनही शिवू नका."

हे दुसरं वाक्य पुस्तकात नव्हतं.



"म्हणजे लिहिलं होतं तर. मेल्यानं पुढचं वाचलंच नाही. घाईच फार त्याला." तिनं पदरासारखी शाल तोंडावर ओढली. मग म्हणाली, "तेवढ्याखाली रेघ मारून द्या, साहेब. थोरली शाळेत जाते, ती वाचेल उद्या सगळ्यांपुढे. चूक त्याचीच ठरू दे, पण दारूचा आळ तरी जाईल."

हेलिवेलांनी पेन्सिल काढली. माणूस भित्रा होता, पण अगदीच नीच नव्हता. त्यांनी छापलेल्या ओळीखाली सावकाश रेघ ओढली. खाली कोरा समास होता. तिथे आपलं ते दुसरं वाक्य न लिहिता त्यांनी पुस्तक मिटलं.

"जसं आहे तसंच वाचायला सांगा तिला," ते म्हणाले.

हॅनानं पुस्तक शालीखाली घेतलं.

"उपकार झाले, साहेब. मी मेली उगाच तुमच्यावर डूख धरून आले होते."