सात वर्षांनी उत्तरेश्वरची पाळी

त्या वर्षी विहिरी फेब्रुवारीतच आटल्या आणि गावच्या सोसायटीनं आष्टीच्या रस्त्याला चारा छावणी उघडली. छबुबाई, तिचा मुलगा उत्तरेश्वर आणि सून अंजना दोन गाई घेऊन तिथंच मुक्कामाला गेले. उत्तरेश्वर-अंजनाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. अंजनाच्या सगळ्या तपासण्या दोनदा झाल्या, काही निघालं नाही. तरी छबुबाई तिला दर महिन्याला नवा उपास लावायची.

एकदा छावणीत जनावरांचे डॉक्टर आले. छबुबाईनं तांबडी गाय पुढं केली. "तीनदा सोसायटीच्या वळूकडं नेली, गाभणच राहत न्हाई. विकून टाकू का?"

डॉक्टरांनी गाय तपासली. "गाय ठणठणीत आहे, मावशी. वळूला तपासायला पाहिजे."

अंजना कडबा टाकत होती. तिथूनच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माणसांतबी असंच असतं का?"

शेजारच्या दावणीवरची माणसं खोकायला लागली. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "असतं की. दोघांनाही तपासायचं असतं."

उत्तरेश्वर बादली उचलून टँकरकडं निघाला. बादली भरलेलीच होती.

दुपारी छबुबाईनं तांबडीला पाणी पाजलं. मग पोराला म्हणाली, "उद्या बीडला जायचं."

"कावून?"

"तपासायला."

"आई, मी काय वळू हाय का?"

"तेच बघायचंय."

अंजनानं तोंडात पदर कोंबला.

बीडच्या दवाखान्यात नर्सबाईनं उत्तरेश्वरच्या हातात डबी दिली आणि एक खोली दाखवली. खोलीला कडी नव्हती. छबुबाई दारापुढं ठाण मांडून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "आत माझं पोरगं हाय, जरा थांबा."

आतून आवाज आला, "आई, तू लांब जा की!"

"मंग दार कोण धरल?"

शेवटी अंजनानं सासूला चहाला नेलं आणि परत येऊन दार स्वतः धरलं.

रिपोर्टात शुक्राणू कमी निघाले. "घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तंबाखू बंद करा, तीन महिने गोळ्या घ्या, मग परत तपासू. आणि दोघं एकत्र राहता ना?"

उत्तरेश्वर खाली बघत म्हणाला, "छावणीत मधी आई झोपती."

स्टँडवर तो अंजनाशेजारी टेकला. मग हळूच म्हणाला, "सात वर्षं तू उपाशी ऱ्हायलीस, अंजना. आन् मी एकदाबी तपासायला आलो न्हाई."

"आता तुमी उपास धरा," अंजना म्हणाली. "तंबाखूचा."

त्यानं खिशातली पुडी काढून तिच्या हातावर ठेवली.

त्याच संध्याकाळी छबुबाईनं आपलं अंथरूण गाईंपाशी हलवलं. जूनमधल्या रिपोर्टात आकडा चांगलाच वाढला होता. दिवस अजून गेले नव्हते. शेजारच्या दावणीवरच्या मनकर्णानं अंजनाला "अजून काहीच न्हाई का?" असं पुन्हा विचारलं, तेव्हा गवताची पेंढी सोडता सोडता छबुबाईच बोलली, "इलाज चालू हाय की. आमच्या पोराचा."