झुंबररावांच्या नावाची ऑर्डर

कॉलेज रोडवरच्या बर्गरच्या दुकानात संजना काउंटरवर लागली, तेव्हा तिला सगळं जमत होतं. बिल करणं, सुट्टे देणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसणं. अडचण एकच होती, तिचा आवाज. ताई बोलतेय की श्वास घेतेय तेच कळत नाही, असं तिचा भाऊ म्हणायचा. पण ऑर्डर तयार झाली की वरच्या स्क्रीनवर नंबर झळकायचा, त्यामुळे ते खपून जात होतं.

मग कंपनीकडून फर्मान आलं. नंबर बंद. यापुढे गिऱ्हाइकाला नावानं हाक मारायची, त्यानं म्हणे आपुलकी वाटते.

ती आपुलकी संजनाच्या गळ्याशी आली. ती हाक मारायची ती जेमतेम सॉसच्या बाटल्यांपर्यंत पोचायची. बर्गर गार व्हायचे, माणसं भडकायची. त्यात कॉलेजची पोरं नाव विचारलं की "जानू" सांगायची आणि ही कान लाल करून "जानू, तुमची ऑर्डर" असं पुटपुटली की टेबल बडवून हसायची. शेवटी मॅनेजर स्वराज म्हणाला, "संजना, रविवारपर्यंत बघू. नाहीतर तू आत फ्रायरवर ये. बटाट्यांना हाक मारावी लागत नाही."

स्वराज वाईट नव्हता. पण तळणीच्या धगीत दिवसभर उभं राहायचं या विचारानंच तिला घाम फुटला.

रविवारी दुपारी दुकान गच्च भरलेलं असताना काउंटरपुढे एक आजी आल्या. हिरवं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी.

"दोन दे बाई, ते पावातले. नातू म्हनला, नाशकाला जाताय तर खाऊन या."

"तिखट चालेल?"

"सायखेड्याची हाय मी. तिखटाला काय इचारती."

संजनानं बिल केलं. "नाव काय घालू?"

"कुनाचं?"

"तुमचंच सांगा की."

"माझं कशाला? घरधनी संगं हाय. त्यांचं घाल."

"बरं. काय नाव त्यांचं?"

आजींनी पदर सावरला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मागची रांग चुळबुळू लागली. लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक जण म्हणाला, "आजी, सांगा ना नाव. उशीर होतोय."

"असं कसं सांगू? नवऱ्याचं नाव काय उघडंबोडकं घ्यायचं असतंय?" आजींनी घसा साफ केला आणि भरल्या दुकानात खणखणीत म्हणाल्या,

"सायखेड्याची कोथिंबीर, नाशकात तिला भाव,
झुंबररावांसाठी मागते कांदा घातलेला पाव."

त्या लॅपटॉपवाल्यानंच पहिली टाळी वाजवली आणि अख्खी रांग त्यात सामील झाली. आत फ्रायरवरची भागीबाई झारा हातात घेऊनच बाहेर डोकावली.

थोड्या वेळानं ऑर्डर आली. संजनानं ट्रे पुढे सरकवला. "घ्या आजी."

"मी नाय घ्यायची. त्यांच्या नावाचं हाय, ते येतील. उखाना काय फुकट घेतला व्हय मी?"

"झुंबर आजोबा," संजना म्हणाली. कोणी हललं नाही.

"ते बाहेर गाडीपाशी हायेत. अन् कानानं कमी हायेत," आजी म्हणाल्या. "पोटातनं हाक मार. नदीच्या पल्याड मानूस उभा हाय असं समज."

"तुम्हीच मारा ना."

"मी 'अहो' म्हनते. हितं 'अहो' म्हनलं तर निम्मं दुकान उठंल."

संजनाला हसू आलं आणि हसता हसता छाती भरून श्वासही आला. तिनं दोन्ही हात काउंटरवर टेकले. "झुंबर!"

एका बाळानं भोकाड पसरलं. स्वराजच्या हातातून टिश्यूचा गठ्ठा पडला. काचेबाहेर मोटरसायकलला टेकून उभ्या असलेल्या, डोळ्यांना काळा चष्मा लावलेल्या म्हाताऱ्यानं झटकन हात वर केला आणि दार ढकलून तो आत आला.

"कोन हाय? शाळा सुटली तवापासून मला असं कुनी बोलिवलं नाय," झुंबरराव म्हणाले. आजींनी त्यांच्या कानाशी वाकून सगळी हकिकत सांगितली. उखाणाही परत म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, बायकोकडे नीट पाहिलं आणि मग संजनाला म्हणाले, "अजून एक दे. त्याच्यावर चांगुणा लिही. अन् मघासारखीच हाक मार."

"अहो, काय हे," आजी म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

तिसरा बर्गर आला. संजनानं दम घेतला. "चांगुणा!"

चांगुणाबाई समोरच उभ्या होत्या, हातभर अंतरावर. तरी त्यांनी ट्रेला हात लावला नाही. मान जरा कलती करून त्या ऐकत राहिल्या.

"पुन्यांदा म्हन गं," त्या हळूच म्हणाल्या.

संजनानं पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं. मागून स्वराज म्हणाला, "त्या टेबलावरचं बाळ आत्ताच झोपलंय, जरा बेतानं."

फ्रायरचा विषय त्यानं परत काढला नाही. संध्याकाळी घरी पोचली तेव्हा संजनाचा घसा पार बसला होता, आणि काय झालं म्हणून विचारणाऱ्या आईला तिनं उखाण्यासकट सगळं कुजबुजत सांगितलं.