रिकाम्या खाटेची नाडी

वॉर्डात खाटा बेचाळीस, कागदावर नर्सेस सात, प्रत्यक्षात तीन. उरलेल्या चौघींपैकी दोघी परदेशी गेल्या, एकीने पाठदुखीला कंटाळून राजीनामा दिला, आणि चौथी कधी नेमलीच गेली नव्हती. वॉर्डाच्या प्रमुख मोठ्या सिस्टर. त्यांनी यावर तोडगा काढला होता. बारा वाजताची नाडी आणि ताप अकरालाच, टेबलाशी बसून, सकाळच्या आकड्यांकडे बघत भरून टाकायचे. सकाळी अठ्ठ्याहत्तर, तर दुपारी ऐंशी. खरोखर आजारी कोण ते चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर चेहऱ्यावरून कळतं, असं त्या म्हणत, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

कंत्राटी सिस्टरला हे जमत नसे. सहा वर्षं दर अकरा महिन्यांनी तिचा कागद नवा व्हायचा. घरी दोन मुलं, नवरा काम सुटून बसलेला. तरी ही बाई प्रत्येकाचं मनगट धरून घड्याळात बघत बसायची. मोठ्या सिस्टर तिला चिडवायच्या की नाडी बघतेस की भविष्य सांगतेस? तीही हसायची आणि पुढचं मनगट धरायची.

त्या मंगळवारी ती उलट्या करणाऱ्या एका बाईपाशी अडकली होती. म्हणून तिच्या चौदा खाटांचे तक्ते मोठ्या सिस्टरांनीच भरले आणि खाली तिच्या नावाची आद्याक्षरं ठोकली. ज्याच्या खाटा त्याची सही, अशी रीतच होती. तिला त्यांनी विचारलंही नाही.

साडेबाराला डॉक्टर आले आणि एकोणीस नंबरपाशी थांबले. खाट रिकामी. तिथला म्हातारा शिंपी साडेदहापासून तळमजल्यावर सोनोग्राफीच्या रांगेत बसला होता, आणि तक्त्यावर बारा वाजता त्याची नाडी ब्याऐंशी, ताप नाही. माणूस खाली आणि नाडी वर, ही काय जादू, असं डॉक्टरांनी विचारलं. शेजारचे दोन पेशंट हसले. थोड्या वेळाने शिंप्याला चाकाच्या खुर्चीवरून वर आणलं, तेव्हा तो थडथड कापत होता. ताप एकशे तीन निघाला. मग कुणी हसलं नाही.

मेट्रनबाईंनी दोघींना बोलावलं आणि सहीवर बोट ठेवलं. कंत्राटी सिस्टरने आधी कागदाकडे बघितलं, मग मोठ्या सिस्टरांकडे. बघतच राहिली. एक वाक्य पुरलं असतं. पण मोठ्या सिस्टरांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, पेन्शन डोळ्यांसमोर दिसत होती. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"अक्षरं माझ्या नावाची आहेत," कंत्राटी सिस्टर शेवटी म्हणाली.

त्याच आठवड्यात संपणारा तिचा कागद नवा झाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे चोर तर शेजारीच उभा होता. शेवटच्या दिवशी तिने औषधांच्या कपाटाची किल्ली मोठ्या सिस्टरांच्या हातात दिली. शिंपीकाकांचा डावा हात सुजलाय, नाडी उजव्या हाताची बघा, एवढंच सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोठ्या सिस्टर तीन दिवस भरलं ताट तसंच सरकवत राहिल्या. घरी लेक काय झालं म्हणून विचारत होती, तिच्या डोळ्याला डोळाही देता येईना.

चौथ्या दिवशी त्या मेट्रनबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो तक्ता मी भरला होता, तिचा काही दोष नाही, तिला परत बोलवा, असं एका दमात बोलून गेल्या.

मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला.

"वीस वर्षं तुमचं अक्षर बघतेय मी. त्याच दिवशी ओळखलं होतं."

"मग तिला का घालवलंत?"

"वरून नाव मागितलं होतं, एक द्यावं लागलं. कंत्राटी दुसरी मिळेल. तुम्ही गेलात तर वॉर्ड कोण चालवणार? जा आता, पेशंट खोळंबलेत."

मोठ्या सिस्टर जिना चढू लागल्या. खरं बोलून झालं होतं, नोकरी शाबूत होती, पेन्शनला धक्का नव्हता. निम्म्या जिन्यात त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो आपणच सोडला हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. कठडा धरून त्या पायरीवरच बसल्या. वरून कुणीतरी सिस्टर, सिस्टर अशा हाका मारत होतं.