चकाकणारा पट्टा

काचेच्या बशीत, कॉस्टिक सोड्यात ठेवलेला पहिला दोरा आखडून जाड झाला होता. ओढला तरी तुटेना. दुसरा चिमट्याने उचलला, तर तो बुळबुळीत होऊन लांबला आणि मधेच गळून पडला.

पहिला आमच्या जुन्या सुती पट्ट्याचा, दुसरा नव्याचा. दोन्ही सेल्युलोजच. पण कापसात त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून असतात. सोडा आत सहज शिरत नाही. नवा पट्टा व्हिस्कोसचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा; त्यात तेच सेल्युलोज एकदा विरघळवून पुन्हा धागा केलेला असतो. साखळ्या आखूड, सैल. गरम सोडा आत शिरतो आणि टोकांपासून त्या कुरतडत जातो.

शिरोलीतल्या आमच्या कारखान्यात बिडाचे सुटे भाग असल्या पट्ट्याने क्रेनला बांधून गरम सोड्याच्या टाकीत धुतात. नवा पट्टा आला तेव्हाच त्याची चकाकी मला खटकली होती. पुरावा मिळू दे, मग बोलू, असं म्हणत मी आठवडाभर गप्प राहिले.

बाहेर क्रेन सुरू झाली. मी बशी हातात घेऊनच धावले.

टाकीतून पंपाचा अवजड सांगाडा वर येत होता. टाकीवरचे कामगार महंमदभाई काठावर वाकून लांब आकड्याने त्याला सावरत होते. वर पट्टा एका जागी बारीक झाला होता. सांगाडा सुटला, तर उसळलेला सोडा थेट त्यांच्या तोंडावर येणार होता.

"दादा, हा पट्टा सुताचा नाही."

क्रेनपाशी उभा असलेला माझा भाऊ गुरुप्रसाद हसला. "सुताचाच हाय की! चकाकी बघ. इचलकरंजीत सूत कॉस्टिकातनंच काढून चमकवत्यात. आता तू मला शिकीवणार व्हय?"

"ही चकाकी व्हिस्कोसची आहे. हा बघ दोरा."

"माल न्यायला गाडी दारात उभी हाय, ऋता. दोरा चहा पिताना बघू."

"ताई, जरा मागं सरा, अंगावर उडंल," महंमदभाई म्हणाले. त्यांना माझी काळजी.

पट्ट्याचा एक पदर सुटला. सांगाडा किंचित कलला. मी बशी खाली ठेवली. बाबा गेल्यापासून ठरवायचं दादाने आणि तपासायचं मी.

"महंमदभाई, आकडा सोडा, मागं या!"

त्यांनी आधी दादाकडे पाहिलं.

"चालू द्या हो," दादा म्हणाला.

"दादाकडं बघू नका, मागं या! निम्मा कारखाना माझा आहे. ही टाकी मी बंद करतेय."